आजीबाईंनी जपलेली पत्रे : पंडिता रमाबाईंचा पत्रव्यवहार

पत्र लिहिणाऱ्याचे असते. परंतु ते राहते मात्र ज्याला लिहिले त्याच्या घरी. त्यामुळे एखाद्या व्यक्तीची पत्रे पुढच्या पिढ्यांच्या हाती लागावीत की नाही, हे तिच्या कर्तृत्वापेक्षा ती पत्रे ज्यांच्या हाती पडली त्यांच्या जपणुकीवर अधिक अवलंबून असते. आपल्याकडे पुरुषांची पत्रे बऱ्याच प्रमाणात जपली गेली. त्यांत जमिनीचे, देण्याघेण्याचे, वतनाचे, नोकरीचे उल्लेख असत, आणि पुढेमागे ती पुराव्यासाठी उपयोगी पडतील असा हिशेब असे. स्त्रियांच्या पत्रांना असे मोल कोणी दिले नाही. खुशाली, बाळंतपण, सणवार, आजारपण एवढाच मजकूर त्यांत असणार, असे गृहीत धरून ती चुलीत किंवा रद्दीत गेली. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रीय स्त्रीचे मन तिच्याच शब्दांत वाचावयाचे झाले, तर साधने अगदी तुटपुंजी आहेत ती यामुळेच.

या तुटपुंज्या साधनांत पंडिता रमाबाईंचा पत्रव्यवहार हा एक मोठा अपवाद होय. १८८३ पासून पुढे अनेक वर्षे रमाबाईंनी इंग्लंडमधील स्नेह्यांना जी पत्रे लिहिली, आणि त्यांना जी उत्तरे आली, ती सिस्टर जेराल्डिन या इंग्रज जोगिणीने एकत्र केली. १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रा. अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ती इंग्रजीत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. रमाबाईंविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु 'ख्रिस्ती झालेली विदुषी' या तीन शब्दांच्या पुढे जाऊन ही पत्रे वाचणारे वाचक आजही थोडेच आढळतात. कर्नाटकात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्या मराठी कुटुंबांनी तर ती अवश्य वाचावीत, असे आम्हांस वाटते. त्याची कारणे पुढील विवेचनात येतीलच.

पहिले कारण घरचे आहे. ज्यांना आपण पुण्या-मुंबईच्या इतिहासात शोधतो, त्या रमाबाई मुळात कर्नाटकातील एका मराठी वसाहतकरी कुटुंबातल्या. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कार्कळजवळच्या माळ येथील चित्पावन घराण्यातले. तुळू आणि कानडी मुलुखात स्थायिक होऊनही घरात मराठी आणि संस्कृत जपणारे हे घराणे होते. आपल्यांतील कित्येकांच्या घरचा इतिहास याहून फारसा वेगळा नाही. रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात झाला. हुबळी-धारवाडकरांना परिचित असलेल्या तुंगभद्रेच्या दोन्ही धारा, तुंगा आणि भद्रा, ज्या डोंगरात उगम पावतात तोच हा परिसर.

अनंतशास्त्री अरण्यात का गेले, ही हकीकत ध्यानात घेतल्याशिवाय रमाबाईंच्या पत्रांतला करारीपणा उलगडत नाही. तरुणपणी ते पुण्यास रामचंद्रशास्त्री साठे यांच्यापाशी अध्ययन करीत होते. साठे दुसऱ्या बाजीरावांच्या पत्नीला संस्कृत शिकवीत. स्त्रीला देवभाषा शिकविता येते, आणि ती शिकते, हे अनंतशास्त्र्यांनी तेथे पाहिले. आपल्या घरी त्यांनी हा प्रयोग करून पाहिला, तेव्हा घरच्यांनी तो चालू दिला नाही. पुढे पहिली पत्नी वारल्यावर गोदावरीच्या तीरी त्यांचा दुसरा विवाह झाला. ही दुसरी पत्नी लक्ष्मीबाई वयाने अगदीच लहान होती. तिला संस्कृत शिकवावयास त्यांनी आरंभ केला आणि भोवतालची मंडळी बिथरली. उडुपी येथे पंडितांच्या सभेपुढे अनंतशास्त्र्यांना आपल्या कृतीचे समर्थन करावे लागले, आणि त्यांनी ते शास्त्राधारे केले. त्यानंतर गंगामूळच्या रानात घर बांधून त्यांनी तेथेच पाठशाळा चालविली. लक्ष्मीबाई इतक्या तयार झाल्या की पतीच्या अनुपस्थितीत विद्यार्थ्यांना त्याच पाठ देत. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे इंग्लंडमधील एका पत्रात तिला महत्त्व येणार आहे.

यात्रेकरू, अतिथी आणि विद्यार्थी यांच्या सरबराईत घरचे द्रव्य संपले. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना कुटुंबाने अरण्य सोडले. वेताच्या पेटाऱ्यात घालून त्यांना डोंगराखाली नेण्यात आले, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. नंतरची सोळा वर्षे तीर्थाटनात आणि पुराणकथनात गेली. आईने रमाबाईंना भागवत मुखोद्गत करविले. मराठी घरात, कानडी प्रदेशात, हिंदुस्थानी वाटेवर, असे करीत भाषा आपोआप येत गेल्या. पुढे दुष्काळ आला. १८७४ च्या सुमारास थोड्याच अवधीत वडील, आई आणि मग थोरली बहीण असे तिघेही अन्नावाचून आणि आजारपणाने गेले. उरलेली बहीणभावंडे, रमाबाई आणि श्रीनिवास, पायी भटकत १८७८ साली कलकत्त्यास पोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. त्या वेळी त्यांचे वय होते अवघे वीस.

यापुढचा भाग बहुतेकांना ठाऊक असल्याने थोडक्यात सांगतो. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या ब्राह्मणेतर बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८१ च्या एप्रिलमध्ये कन्या मनोरमा झाली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेले. त्या वर्षी त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाजाची स्थापना केली, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले आणि हंटर कमिशनपुढे साक्ष दिली. स्त्रियांसाठी स्त्रीशिक्षिका आणि स्त्रीडॉक्टर हव्यात, ही त्या साक्षीतील मुख्य मागणी होती. ताराबाई शिंदे यांचे 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तकही त्याच १८८२ सालचे. एकाच वर्षी दोन मराठी स्त्रियांनी दोन वेगळ्या वाटांनी तोच प्रश्न विचारला, हा योगायोग लक्षणीय आहे.

वैद्यक शिकण्याच्या इच्छेने १८८३ च्या एप्रिलमध्ये रमाबाई इंग्लंडला निघाल्या. 'स्त्रीधर्मनीति'च्या विक्रीचा पैसा प्रवासखर्चाला उपयोगी पडला. या प्रवासाचे वर्णन त्यांनी सदाशिव पांडुरंग केळकर यांना लिहिलेल्या दीर्घ मराठी पत्रातून केले आणि ते त्याच वर्षी मुंबईत छापले गेले. त्यांच्या उपलब्ध पत्रांत मराठीतले हे सर्वांत विस्तृत पत्र म्हणावे लागेल. वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या धर्मभगिनींच्या मठात त्या उतरल्या. हिंदुस्थानात जाणाऱ्या भगिनींना त्यांनी मराठी शिकवावे आणि त्या बदल्यात आपण इंग्रजी शिकावे, अशी व्यवस्था होती. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांचा तेथेच अत्यंत दुर्दैवी अंत झाला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी लहानग्या मनोरमेसह ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. कानांना कमी ऐकू येत असल्यामुळे वैद्यकाचा विचार सोडावा लागला. १८८४ च्या आरंभी त्या चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात दाखल झाल्या. तेथे त्या शिकत आणि संस्कृत शिकवीतही. तेथील प्राचार्या डोरोथिया बील आणि वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन या दोघी त्यांच्या पत्रव्यवहारातील प्रमुख व्यक्ती होत.

जेराल्डिनला रमाबाई 'आजीबाई' म्हणत. इंग्रजी पत्रांच्या मायन्यात रोमन लिपीत लिहिलेला हा मराठी शब्द पाहिला की मराठी वाचकाचे मन क्षणभर थांबते. नात्याला घरचे नाव देण्याची आपली रीत त्यांनी परक्या देशातही सोडली नाही. आणि विशेष म्हणजे, ज्या पत्रांत या आजीबाईंशी कडाक्याचा वाद आहे, त्या काळातही हा स्नेहशब्द टिकून राहिला. वाद घालूनही नाते न तोडण्याची ही शैली पत्रव्यवहारात अखेरपर्यंत दिसते.

वादाचे पहिले मोठे निमित्त शिकविण्याचेच होते. चेल्टनहॅम येथे रमाबाईंनी तरुण मुलांनाही भारतीय भाषा शिकवाव्यात अशी सूचना पुढे आली. त्यावर हिंदुस्थानातील बिशपांचे मत मागविण्यात आले. मुंबई आणि लाहोर येथील बिशपांनी ठाम विरोध केला. तरुण विधवेने पुरुषांना शिकविले तर हिंदुस्थानात तिच्याविषयी काय बोलले जाईल, पुढे तिच्या कार्याचे कसे होईल, अशी त्यांची काळजी होती. रमाबाईंनी बील यांना दिलेले उत्तर मोठे मार्मिक आहे. माझी आई तरुण विद्यार्थ्यांना शिकवीत असे, मीही शिकविले. त्यास माझ्या वडिलांनी हरकत घेतली नाही की माझ्या पतीनेही. आणि आता इंग्रज मंडळी हरकत घेतात याचेच मला नवल वाटते, असा त्याचा आशय आहे. गंगामूळच्या रानातील पाठशाळा चेल्टनहॅमच्या वादात अशी साक्षीला उभी राहते. हिंदू स्त्रीला काय झेपेल आणि काय शोभेल, हे ठरविण्याचा अधिकार परदेशी धर्माधिकाऱ्यांनी परस्पर घ्यावा, हे त्यांना मान्य नव्हते.

यातून पुढचा, अधिक मूलभूत वाद निघाला. जेराल्डिनचे म्हणणे असे की, ज्या धर्मसंस्थेत प्रवेश केला तिच्या अधिकाऱ्यांची आज्ञा मानणे हे कर्तव्य आहे. स्वतःच्या बुद्धीवर भर देणे हा गर्व होय. १८८५ च्या मे महिन्यातील पत्रांत रमाबाईंनी यास जे उत्तर दिले ते स्त्रीस्वातंत्र्याच्या इतिहासात नोंद घेण्याजोगे आहे. मला विवेक आहे, मन आहे, स्वतःचा निर्णय आहे. जे करण्याची शक्ती देवाने मला दिली ते मला स्वतः विचार करूनच केले पाहिजे, असे त्या लिहितात. आपल्या देशातील पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरविले, ते तसलेच दुसरे जू मानेवर घेण्यासाठी नव्हे, हाही त्यांचा स्पष्ट अभिप्राय आहे. पुण्यातील सनातनी ज्या बाईवर 'पाद्र्यांच्या आहारी गेली' म्हणून तुटून पडत होते, ती त्याच दिवसांत पाद्र्यांना या शब्दांत सुनावत होती. अर्थात हे पुण्यात कोणास कळण्याचा मार्ग नव्हता. महात्मा जोतीराव फुले यांनी मात्र १८८५ सालीच 'सत्सार' या अंकात रमाबाईंची बाजू उघडपणे घेतली होती, हे नमूद केले पाहिजे.

धर्मसिद्धान्तांविषयीही रमाबाईंनी अंधपणे मान तुकविली नाही. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रयीचा सिद्धान्त त्यांच्या गळी उतरेना. अनंतशास्त्र्यांच्या कन्येला शास्त्रार्थाची सवय होती. मूळ ग्रंथात आधार कोठे आहे, अर्थ कसा लावला, असे प्रश्न त्या विचारीत राहिल्या. जेराल्डिनला यात बंडखोरी दिसली. बीलबाईंनी मात्र धीराने, दीर्घ पत्रे लिहून, चर्चा चालू ठेवली. एकाच शिष्येकडे पाहण्याच्या शिक्षिकांच्या या दोन तऱ्हा आजच्या अध्यापकांनीही अभ्यासाव्यात अशा आहेत.

या गंभीर वादांच्या जोडीने अगदी घरगुती वाटणारे तंटेही पत्रांत आहेत, आणि आमच्या मते तेच अधिक बोलके आहेत. रमाबाईंनी ख्रिस्ती झाल्यावरही मांस, मासे, अंडी वर्ज्यच ठेवली. अंडे घातलेला गोड पदार्थही त्या खात नसत. मठातील भगिनींना यात जुन्या जातीचा अभिमान शिल्लक राहिल्याचे दिसे. रमाबाईंचे उत्तर असे की, मला हिंदू म्हणवून घेणे आवडते, कारण मी हिंदूच आहे, आणि पूर्वजांचे आचार जेवढे पाळता येतील तेवढे मी पाळते. दुसरा प्रसंग क्रुसाचा. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे असावीत की संस्कृत, असा प्रश्न निघाला. रमाबाईंनी संस्कृतचा आग्रह धरला. लॅटिनमध्ये आमच्या प्राचीन संस्कृतपेक्षा असे अधिक काय आहे, असा त्यांचा सवाल होता. जी भाषा स्त्रीला शिकविल्याबद्दल वडिलांना रानात राहावे लागले, ती भाषा कन्येने गळ्यातून उतरवू दिली नाही.

तिसरा तंटा मनोरमेचा. तो सर्वांत हळवा आहे. ही मुलगी काही काळ वाँटेजच्या भगिनींच्या देखरेखीखाली होती. तिला कोणते धर्मशिक्षण द्यावे, कसे वाढवावे, याविषयी आईचे आणि मठाचे पटेना. जे मला स्वतःला अजून पटलेले नाही ते माझ्या मुलीच्या मनावर ठसवू नका, असा रमाबाईंचा आग्रह होता. तिने आपल्यांतलीच एक व्हावे, आपल्या देशबांधवांवर त्यांच्यातली एक म्हणून प्रेम करावे, परकी किंवा कोणी वरचढ म्हणून नव्हे, ही त्यांची इच्छा पत्रांतून व्यक्त होते. परमुलुखात मुले वाढविणाऱ्या कोणत्याही आईबापाला ही चिंता परिचित आहे. आपल्या आजोबा-पणजोबांनी हुबळी-धारवाडात बिऱ्हाड थाटले तेव्हा मुलांची बोली कोणती, शाळा कोणती, सोयरीक कोठे, हे प्रश्न त्यांच्यापुढेही होतेच. रमाबाईंचा पेच त्याहून फार अवघड होता. ज्यांच्या अन्नावर आणि आश्रयावर आपण आहोत, त्यांच्याचपाशी आपल्या लेकराविषयीचा हक्क मागावयाचा, आणि तो मागताना कृतज्ञताही सोडावयाची नाही, ही कसरत त्यांनी पत्रापत्रांतून केली.

१८८६ च्या फेब्रुवारीत रमाबाई अमेरिकेस गेल्या. ११ मार्च रोजी फिलाडेल्फिया येथे डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभास त्या उपस्थित होत्या. तेथेच १८८७ साली त्यांचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील इंग्रजी पुस्तक निघाले आणि त्या वर्षाच्या अखेरीस बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. याच वर्षी मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजत होता. बालपणी लावलेल्या लग्नाच्या पतीकडे नांदावयास जावे, अन्यथा सहा महिने कैद भोगावी, असा निकाल १८८७ च्या मार्चमध्ये न्या. फॅरन यांनी दिला. रमाबाईंनी बील यांना लिहिलेल्या पत्रात त्यावरचा संताप ओतला आहे. इंग्रज सरकारने हिंदुस्थानातील पुरुषवर्गाशी जणू सौदाच केला आहे. त्याला आपल्या फायद्याची काळजी आहे, स्त्रियांच्या न्यायाची नव्हे. तेव्हा त्याच्याकडून न्यायाची आशा व्यर्थ आहे, असा त्या पत्राचा रोख आहे. इंग्रजी राज्य म्हणजे स्त्रीउद्धाराची पहाट असे मानणाऱ्या सुधारकांची संख्या तेव्हा मोठी होती. त्या राज्याच्याच राजधानीच्या देशात राहिलेल्या रमाबाईंनी हे इतक्या लवकर ओळखले होते.

हा निर्भयपणा पुढेही ओसरला नाही. १८९७ च्या प्लेगात पुण्यातील सरकारी व्यवस्थेत, विशेषतः इस्पितळात स्त्रियांच्या वाट्यास काय आले, याविषयी त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' पत्रात खरमरीत पत्र लिहिले. त्याचा बोभाटा थेट इंग्लंडच्या पार्लमेंटपर्यंत गेला. पुण्यातील सनातनी, वाँटेजचा मठ, मुंबईचे बिशप आणि इंग्रज सरकार, या चारही सत्तांना त्यांनी एकच प्रश्न विचारला असे पत्रांवरून दिसते. तो असा, की स्त्रीविषयीचा निर्णय स्त्रीला वगळून कोणी घ्यावयाचा?

१८८९ साली स्वदेशी परतल्यावर ११ मार्च रोजी मुंबईत त्यांनी शारदा सदन उघडले आणि १८९० च्या नोव्हेंबरात ते पुण्यास नेले. त्याच १८९० साली आपल्या धारवाडात कर्नाटक विद्यावर्धक संघाची स्थापना झाली. मुंबई इलाख्याच्या दोन टोकांना दोन वेगळ्या कारणांनी विद्येचा ध्यास लागल्याचे हे वर्ष. शारदा सदनातील गोदूबाई जोशी यांच्याशी १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला, आणि पुढील स्त्रीशिक्षणाच्या चळवळीचा एक मोठा प्रवाह तेथून निघाला. परंतु त्याच वर्षी सदनावर वादळ आले. संस्था धर्मनिरपेक्ष राहील असे आश्वासन असता मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो, असा आक्षेप 'केसरी'ने लावून धरला. न्या. रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले, आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या.

येथे न्यायबुद्धीने बोलले पाहिजे. रानडे-भांडारकरांना विरोधासाठी विरोध करावयाचा नव्हता. ज्या पालकांनी मोठे धाडस करून विधवा मुली सदनात पाठविल्या त्यांना दिलेल्या शब्दाची त्यांना चिंता होती, आणि रमाबाईंच्या प्रार्थनेच्या वेळी त्यांच्या खोलीचे दार मुलींना उघडे असे, ही गोष्टही खरी होती. रमाबाईंची बाजू अशी की, कोणास बोलावीत नाही, पण आपल्या घरात आपली उपासना दार लावून करणार नाही. दोन्ही बाजूंत तथ्य होते. परंतु या वादानंतर मराठी समाजाने रमाबाईंना जे वाळीत टाकले ते जवळजवळ कायमचेच. पुढे १८९६-९७ च्या आणि १९०० च्या दुष्काळांत शेकडो निराधार मुली-स्त्रियांना त्यांनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आश्रय दिला, छापखाना, शेती, विणकाम असे उद्योग शिकविले, मूळ हिब्रू आणि ग्रीक अभ्यासून बायबलचे मराठी भाषांतर केले. मनोरमाबाईंच्या साहाय्याने त्यांनी कर्नाटकातील गुलबर्गा येथेही शाळा काढली. म्हणजे जेथून वेताच्या पेटाऱ्यातून बाहेर पडल्या त्या कर्नाटकाकडे त्यांचे कार्य पुन्हा वळले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई आणि ५ एप्रिल १९२२ रोजी स्वतः रमाबाई निधन पावल्या.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ही पत्रे टिकली कशी? ती टिकली ती जेराल्डिनमुळे, म्हणजे पुण्यातील कोणा सुधारकामुळे किंवा आप्तामुळे नव्हे, तर ज्या बाईचे रमाबाईंशी सर्वाधिक मतभेद होते तिच्यामुळे. रमाबाई वाट चुकल्या असे जेराल्डिनचे मत होते, आणि संग्रहास जोडलेल्या तिच्या विवेचनात ते लपत नाही. तरीही तिने आपल्याविरुद्ध जाणारी पत्रे फाडली नाहीत. स्वतःची पत्रेही काढून टाकली नाहीत. त्यामुळे आज आपण दोन्ही आवाज ऐकू शकतो आणि कोणाचे म्हणणे अधिक सबळ हे आपल्या बुद्धीने ठरवू शकतो. मतभेद असतानाही प्रतिपक्षाचे शब्द जसेच्या तसे ठेवण्याचे हे औदार्य इतिहासाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे.

तुलनेसाठी आपल्याकडची स्थिती पाहावी. सावित्रीबाई फुले यांनी जोतीरावांना लिहिलेली अवघी तीन पत्रे आज छापील स्वरूपात उपलब्ध आहेत, १८५६, १८६८ आणि १८७७ सालची. एकात माहेरी भावाशी झालेला वाद आहे; दुसऱ्यात परजातीतल्या मुलीशी संबंध आला म्हणून गावकरी ज्याच्या जिवावर उठले अशा तरुणाला आणि त्या मुलीला वाचविल्याची हकीकत आहे; तिसऱ्यात दुष्काळातील सत्यशोधकांचे काम आहे. पन्नास वर्षांच्या सहजीवनातील ही तीन पत्रे. आनंदीबाई जोशी यांच्या बाबतीत काशीबाई कानिटकरांनी १८८९ सालच्या चरित्रात पत्रांचा समावेश केला, म्हणून बरेच काही वाचले. एका स्त्रीची पत्रे दुसऱ्या स्त्रीने जपली, असाच प्रकार तेथेही दिसतो.

या दृष्टीने पाहता आपल्या घरांतील जुन्या ट्रंका आणि फडताळे यांचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. १९५६ साली राज्यपुनर्रचना होऊन हुबळी-धारवाड म्हैसूर राज्यात आले. त्याआधीची दीड-दोन शतके येथील मराठी कुटुंबांची टपाले सांगली, कोल्हापूर, पुणे, बेळगाव, ग्वाल्हेर, तंजावर अशी दूरवर जात-येत होती. त्यांतील मोडी कागद वाचणारे आता थोडे उरले आहेत. कुळकायद्याचे आणि वाटणीचे कागद घरोघर पोलादी कपाटात असतात. आजीने माहेरी लिहिलेले पोस्टकार्ड, आत्याने शिक्षिकेची नोकरी धरताना वडिलांना घातलेली समजूत, विधवा मावशीने शिकावयास पाठवा म्हणून थोरल्या भावाला केलेली विनवणी, हे मात्र कोणी जपून ठेवल्याचे क्वचित आढळते. या स्त्रिया पंडिता नव्हत्या आणि त्यांची नावे कोणत्याही ग्रंथात येणार नाहीत. परंतु आपल्या घरांत मुली प्रथम शाळेत केव्हा गेल्या, कोणाच्या आग्रहाने गेल्या, कोणी अडविले आणि कोणी सोडविले, याचे उत्तर त्यांच्या कागदांखेरीज अन्यत्र मिळणार नाही.

म्हणून विद्यानगरातील आणि भोवतालच्या वाचकांस आमची विनंती एवढीच की, घर बदलताना, रंगरंगोटी करताना, वाटणी होताना जुने कागद निघाले तर त्यांतील स्त्रियांच्या हस्ताक्षरातील कागद वेगळे काढावेत, त्यांना कोरड्या जागी ठेवावे, आणि ते कोणी कोणास लिहिले एवढे तरी जाणत्या माणसाकडून स्वतंत्र चिठ्ठीवर लिहून घ्यावे. मोडी असेल तर वाचणारा हयात आहे तोवर वाचून घ्यावे. मजकूर आपल्या घराण्याच्या कीर्तीस सोयीचा आहे की गैरसोयीचा, हा विचार करू नये. जेराल्डिनने तो केला असता तर रमाबाईंविषयी आपल्यापाशी आज केवळ स्तुती आणि निंदा या दोनच गोष्टी उरल्या असत्या. त्यांचा स्वतःचा आवाज उरला नसता.